बीएस-६ डिझेल कारचं इंजिन ऑइल: कॅनच्या मागची बारीक ओळ का वाचायची?

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि चार मीटरपर्यंत लांबीच्या, १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवरचा कर सेससकट ३१ टक्क्यांवरून थेट १८ टक्क्यांवर आला. टाटा नेक्सॉन, ह्युंदाई व्हेन्यू, किया सोनेट, महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओ, बोलेरो या सगळ्यांची डिझेल मॉडेल्स याच चौकटीत बसतात. किमती किती उतरल्या याचे रील्स तुम्हीही पाहिले असतील. पण घेतलेल्या गाडीच्या इंजिनात पुढची आठ-दहा वर्षं कोणतं ऑइल ओतायचं, यावर फारसं कोणी बोललं नाही.

त्याच वेळी दुसरी एक गोष्ट गाजावाजा न होता घडतेय. देशात बीएस-६ नियम १ एप्रिल २०२० रोजी लागू झाला. म्हणजे बीएस-६ डिझेल कारच्या पहिल्या तुकडीला पाच वर्षं उलटून गेली. कंपनीची वॉरंटी संपली, पहिल्या मालकाने गाडी विकली आणि ती पुण्या-मुंबईहून सेकंड हँड होऊन मालवण, कुडाळ, देवगडला आली. आता तिचं ऑइल कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नाही, तर गावातल्या गॅरेजमध्ये बदललं जाणार. सिंधुदुर्गात पर्यटनाच्या गाड्या चालवणारे, होमस्टेवाले, नुकतीच पहिली गाडी घेतलेले तरुण अशा सगळ्यांचा हा प्रश्न आहे. मला वाटतं, या गाड्यांचं पुढचं आयुष्य बरंचसं एका साध्या निर्णयावर अवलंबून आहे: कॅन उचलताना आपण नेमकं काय वाचतो?

किनाऱ्यावरची जुनी सवय

आपल्याकडे डिझेल इंजिन म्हटलं की डोळ्यांसमोर येतो ट्रॉलर, ट्रक, जुनी जीप नाहीतर टेम्पो. या इंजिनांनी आपल्याला एक सल्ला शिकवला: "जाडा ऑइल घाल, इंजिनाक बरा." म्हणजे १५डब्ल्यू-४०. बंदराच्या आसपासच्या दुकानात हाच डबा सगळ्यात आधी पुढे येतो, कारण तिथे खपतोही तोच. ट्रॉलरचं इंजिन त्यावर वर्षानुवर्षं चालतं, तर कार का चालणार नाही, असा हा हिशोब.

हा सल्ला देणारा मेकॅनिक अडाणी नसतो. ज्या इंजिनांवर त्याने हात काळे केले, त्यांच्यासाठी तो बरोबरच होता. मधल्या काळात इंजिनापेक्षाही जास्त बदललं ते इंजिनाच्या मागे, सायलेन्सरच्या नळीत. तिथे एक नवा भाग आला आणि ऑइलची निवड त्या भागाच्या हातात गेली.

गोष्ट सुरू होते डिझेलमधल्या गंधकापासून

डिझेलमध्ये गंधक म्हणजे सल्फर असतो. तो जळला आणि त्यात पाण्याचा अंश मिसळला की आम्ल तयार होतं. हे आम्ल इंजिनातल्या धातूला खातं. म्हणून ऑइलमध्ये आम्ल मारणारी क्षारीय द्रव्यं घालतात. त्यात मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. झीज रोखण्यासाठी जस्त आणि फॉस्फरसची संयुगंही असतात. जुन्या डिझेल ऑइलची ताकद म्हणजे हीच द्रव्यं.

आता आकडे बघा. बीएस-३ डिझेलमध्ये सल्फरची मर्यादा दहा लाख भागांत ३५० भाग होती. बीएस-४ मध्ये ती ५० झाली आणि एप्रिल २०१७ पासून हे डिझेल देशभर मिळू लागलं. मग भारताने बीएस-५ ही पायरी गाळली आणि एप्रिल २०२० मध्ये थेट बीएस-६ वर उडी मारली. आज मालवणच्या पंपावर मिळणाऱ्या डिझेलमध्ये ही मर्यादा फक्त १० आहे.

डिझेल इतकं स्वच्छ झालं म्हणून दोन गोष्टी शक्य झाल्या. एक, आम्ल कमी झालं, त्यामुळे ऑइलमध्ये धातूंची द्रव्यं कमी घातली तरी चालू लागलं. दोन, सायलेन्सरच्या वाटेवर नाजूक फिल्टर बसवता आला. हाच तो नवा भाग: डीपीएफ, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी पकडणारा फिल्टर.

काजळी जळते, राख राहते

डीपीएफचं काम समजायला चूल आठवा. चुलीतली काजळी पुरेसा जाळ झाला की जळून जाते. पण राख कितीही जाळली तरी राखच राहते. ती हाताने बाहेर काढावी लागते.

डीपीएफमध्येही हेच होतं. इंजिनातून आलेली काजळी त्याच्या बारीक छिद्रांच्या भिंतींवर साचते. ठरावीक प्रमाणात साचली की गाडीचा कॉम्प्युटर थोडं जास्तीचं डिझेल फवारून फिल्टरचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतो आणि काजळी जाळून टाकतो. याला रिजनरेशन म्हणतात. हे आपोआप चालतं, बऱ्याचदा आपल्याला कळतही नाही.

राखेचं मात्र तसं नाही. ती येते मुख्यतः ऑइलमधून. प्रत्येक इंजिन थोडं ऑइल खातंच. सिलिंडरच्या भिंतीवरचा पातळ थर जळतो, टर्बोच्या सीलमधून कणभर जातं, क्रँककेसच्या वाफेबरोबर काही जातं. ऑइल जळालं की त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त यांची राख होते आणि ती फिल्टरमध्ये जाऊन बसते. ६०० अंशांनाही ती दाद देत नाही.

म्हणून ऑइलच्या जगात 'सल्फेटेड अॅश' हा शब्द महत्त्वाचा झाला. ऑइल पूर्ण जाळल्यावर किती टक्के राख उरेल, त्याचं हे माप. युरोपातल्या कार उत्पादकांच्या संघटनेने, म्हणजे एसीईएने, यावरून वर्ग ठरवले. सी२ आणि सी३ वर्गांत राख जास्तीत जास्त ०.८ टक्के. डीपीएफ नसलेल्या गाड्यांसाठीच्या ए३/बी४ वर्गात ती १ ते १.६ टक्के चालते. अमेरिकेच्या एपीआय पद्धतीत ट्रकसाठीच्या सीजे-४ आणि सीके-४ या नव्या वर्गांत कमाल १ टक्का आहे. जुन्या सीआय-४ वर्गात राखेवर अशी मर्यादाच नव्हती.

हे टक्के कागदावर क्षुल्लक वाटतात. जरा हिशोब करू. समजा, तुमची गाडी १०,००० किलोमीटरमध्ये एक लिटर ऑइल खाते. दीड लाख किलोमीटरमध्ये झालं १५ लिटर. एक लिटर ऑइलचं वजन साधारण ८५० ग्रॅम. ०.८ टक्के राखेच्या ऑइलमधून या प्रवासात सुमारे १०२ ग्रॅम राख तयार होईल. १.५ टक्क्याच्या ऑइलमधून १९१ ग्रॅम. सगळीच राख फिल्टरपर्यंत जाते असं नाही, पण प्रमाण तेच राहतं: जवळपास दुप्पट. म्हणजे फिल्टर भरण्याचा दिवस तितकाच अलीकडे.

आणि फिल्टर राखेने भरला की काय? राखेने जागा अडवल्यामुळे काजळीला जागा कमी उरते, म्हणून रिजनरेशन वारंवार होतं. त्यात डिझेल जास्त जळतं, अॅव्हरेज पडतं, पिकअप मंदावतो, दिवा लागतो आणि शेवटी फिल्टर काढून साफ करणं किंवा बदलणं एवढंच हातात राहतं. बदलायचा खर्च गाडीनुसार पाच-सहा आकड्यांत जाऊ शकतो. सेकंड हँड गाडी घेणाऱ्याला हा हिशोब व्यवहार झाल्यावर कळतो.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. एकदा भलतं ऑइल पडलं म्हणून डीपीएफ दुसऱ्या दिवशी बसत नाही. नुकसान हळूहळू, प्रत्येक सर्व्हिसला थोडं थोडं साचतं. म्हणूनच ते लक्षात येत नाही.

मग जाड की पातळ? हा वाद किती खरा?

ऑइलबद्दलच्या बहुतेक व्हिडिओंमध्ये सगळी चर्चा कॅनच्या पुढच्या मोठ्या आकड्यावर असते: १५डब्ल्यू-४०, ५डब्ल्यू-३०, ०डब्ल्यू-२०. हा एसएईचा ग्रेड. त्याचा अर्थ नीट समजून घेऊ, कारण इथे दोन गैरसमज आहेत.

डब्ल्यू म्हणजे विंटर. डब्ल्यूच्या आधीचा आकडा कडाक्याच्या थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो. ५डब्ल्यूची चाचणी उणे ३० अंशांवर होते, १५डब्ल्यूची उणे २० वर. मालवणात थंडीतही पारा १५ अंशांच्या फार खाली जात नाही. मग "०डब्ल्यू, ५डब्ल्यू ही बर्फातली ऑइलं, कोकणात कशाला?" असं लोक विचारतात. पण थंड देशात चालतं म्हणून ते गरम हवेत पाणी होतं असं मुळीच नाही. इंजिन तापल्यावरचा जाडपणा दुसरा आकडा सांगतो. १०० अंशांवर ०डब्ल्यू-३० आणि ५डब्ल्यू-३० एकाच पट्ट्यात येतात.

दुसरा गैरसमज 'जाड म्हणजे सुरक्षित' हा. १५डब्ल्यू-४० ऑइल ४० अंशांवर १०० अंशांच्या तुलनेत साधारण सातपट घट्ट असतं. म्हणजे सकाळी गाडी सुरू करताना आपल्या उकाड्यातही ते इंजिनाच्या वरच्या भागात पोचायला जास्त वेळ घेतं. आजच्या इंजिनांतले ऑइलचे मार्ग आणि फटी ठरावीक जाडपणा धरूनच आखलेल्या असतात.

तरी दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कंपन्या पातळ ऑइल सुचवतात त्यामागे फक्त इंजिनाची काळजी नसते. पातळ ऑइलने घर्षण कमी होतं, इंधन वाचतं. केंद्राच्या सीएएफई नियमांत प्रत्येक कंपनीच्या गाड्यांच्या कार्बन डायऑक्साइडची सरासरी ठरवून दिलेली आहे. २०१७ पासून ती किलोमीटरला १३० ग्रॅम होती, २०२२ पासून ११३ ग्रॅम झाली. तो आकडा गाठायला कंपनीला थेंब थेंब वाचवायचा असतो. म्हणून गाडीभर माणसं आणि सामान घेऊन मे महिन्यात आंबोलीचा घाट चढणाऱ्या माणसाला थोडं जाड ऑइल हवंसं वाटलं, तर त्याचं अगदीच चुकत नाही.

यावर उत्तर मॅन्युअलमध्येच असतं. अनेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये बाहेरच्या तापमानानुसार ग्रेडचा तक्ता दिलेला असतो. त्यात एकापेक्षा जास्त ग्रेड असतील, तर घाटात किंवा पूर्ण भारावर चालवणाऱ्याने त्यातला जाड ग्रेड घ्यावा. एकच ग्रेड असेल तर तोच घ्यावा. राखेची मर्यादा मात्र दोन्ही वेळी पाळायचीच. ५डब्ल्यू-३० असं लिहिलेले दोन डबे घ्या: एक सी३ असू शकतो, दुसरा ए३/बी४. पुढचा आकडा सारखाच, राख मात्र वेगळी. जाड-पातळच्या वादात हीच गोष्ट निसटते.

मालवणातली गाडी 'कठीण वापरा'त मोडते

मॅन्युअलमध्ये शेवटाकडे एक पान असतं: सिव्हिअर कंडिशन, म्हणजे कठीण वापर. वाळवंट किंवा खाणी आठवतील, पण यादी वाचली की कळतं, तीत आपणच आहोत. वारंवार छोट्या फेऱ्या, धूळ, घाट, भरलेली गाडी, उभ्या गाडीत तासन् तास एसी चालू ठेवणं.

मालवणातला रोजचा वापर असाच आहे. बाजारातून तारकर्लीला सात-आठ किलोमीटर, जेटीवर पर्यटकांची वाट बघत एसी लावून उभं राहणं, परत बाजार. एवढ्यात कुलंटचा काटा मध्यावर येतो, पण ऑइल पूर्ण तापायला त्याहून जास्त वेळ लागतो. दमट हवेतला आणि जळणातून आलेला पाण्याचा अंश मग उडून जात नाही, ऑइलमध्येच राहतो.

त्याहून मोठी अडचण रिजनरेशनची. ते पूर्ण व्हायला सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगात गाडी चालावी लागते. देवबागच्या अरुंद रस्त्यावर ते सुरू झालं आणि आपण मध्येच गाडी बंद केली, असं वारंवार झालं की जास्तीचं फवारलेलं डिझेल न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि त्याची पातळी वाढते. ऑइल कमी झालं की आपण घाबरतो, पण डीपीएफवाल्या डिझेल कारमध्ये डिपस्टिकवरची खूण वरच्या रेषेच्या पुढे गेली तर ती जास्त गंभीर सूचना आहे. अशा वेळी वाट न बघता ऑइल बदलायचं.

उपाय आपल्या जिल्ह्यात आहे आणि फुकट आहे. डीपीएफचा दिवा लागला की गाडी कसालला काढा आणि मुंबई-गोवा महामार्गावर चढून कुडाळ-झारापच्या बाजूला मॅन्युअलमध्ये दिलेल्या वेगाने चालवत राहा. दिवा लागला नाही तरी आठवड्यातून एक अशी सलग फेरी गाडीला मानवते. ऑइल बदलण्याची मुदतही 'कठीण वापरा'च्या रकान्यातली धरा. 'दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतलं जे आधी येईल ते' असं लिहिलेलं असतं, त्यातलं 'एक वर्ष' लोक विसरतात. वर्षात चार हजारच किलोमीटर फिरलेल्या गाडीचं ऑइलही वर्षाने बदलायचंच. आणि त्या छोट्या फेऱ्या असतील तर त्याआधी.

खाऱ्या हवेचा प्रश्न लोक नेहमी विचारतात. खारं वारं पत्रा, चॅसी, ब्रेकच्या नळ्या खातं, त्यासाठी गाडी खालून गोड्या पाण्याने धुवावी. इंजिनातल्या ऑइलवर त्याचा तसा परिणाम होत नाही, म्हणून 'किनाऱ्यावरचं स्पेशल ऑइल' म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका. पावसाळ्यात गाडी पाण्यात बुडाली असेल तर मात्र ती सुरूच करू नका. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलेलं आहे.

फोनवर पाच मिनिटांत योग्य ऑइल कसं शोधायचं?

पहिलं, गाडीचं मॅन्युअल उघडा. छापील प्रत हरवली असली तरी बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर पीडीएफ असतं. मॉडेल, इंजिन आणि वर्ष तपासूनच डाउनलोड करा, कारण एकाच नावाच्या बीएस-४ आणि बीएस-६ गाडीचं ऑइल वेगळं असू शकतं. आरसीवर उत्सर्जनाचा नियम लिहिलेला असतो, तो बघा.

दुसरं, मॅन्युअलमधून तीन गोष्टी नोट्समध्ये लिहून ठेवा: ग्रेड (उदाहरणार्थ ५डब्ल्यू-३०), स्पेसिफिकेशन (उदाहरणार्थ एसीईए सी३ किंवा कंपनीचा स्वतःचा क्रमांक) आणि फिल्टरसकट किती लिटर लागतं. फोक्सवॅगन समूहाच्या डीपीएफवाल्या डिझेल गाड्यांसाठीचा ५०७.०० हा अशाच क्रमांकाचा नमुना. ही नोट गॅरेजमध्ये दाखवायची. चॅटबॉटला किंवा ग्रुपवर विचारलंत तरी मिळालेलं उत्तर याच नोटशी ताडून बघा.

तिसरं, दुकानात किंवा अॅपवर कॅनच्या मागच्या बाजूचा फोटो झूम करून वाचा. पुढे 'फुल्ली सिंथेटिक', 'प्रीमियम', 'पेट्रोल-डिझेल दोन्हींसाठी' असं काहीही लिहिलेलं असू दे. 'एसएन/सीएफ' एवढंच दिसलं तर त्यावरून राखेबद्दल काहीच कळत नाही. यातला सीएफ हा १९९४चा, आता बाद झालेला वर्ग आहे. त्याच्या शेजारी सी२, सी३, सी५ असं काही आहे का ते शोधा. आणि मॅन्युअलने सी२ मागितलं असेल तर सी३ही चालेल असं परस्पर ठरवू नका. दोन्हींत राख सारखीच असली, तरी तापलेल्या ऑइलच्या जाडपणाची अट वेगळी आहे.

चौथं, शब्दांकडे लक्ष द्या. 'अप्रूव्ह्ड' म्हणजे गाडीच्या कंपनीने तपासून मान्यता दिली. 'मीट्स' किंवा 'सूटेबल फॉर' म्हणजे ऑइल कंपनीचा स्वतःचा दावा. एसीईएचा वर्गही ऑइल कंपनीच स्वतः जाहीर करते. म्हणून अनोळखी ब्रँडने एका डब्यावर सगळेच वर्ग छापलेले दिसले तर सावध व्हा. एपीआयचा परवाना खरा आहे का, हे त्यांच्या वेबसाइटवरच्या यादीत शोधता येतं.

पाचवं, बनावट माल. सील तुटलेलं नाही ना, बॅच नंबर आणि तारीख झाकणावर आणि डब्यावर सारखी आहे ना, छपाई पुसट नाही ना, हे पाहा. क्यूआर कोड असेल तर स्कॅन करून तो कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरच जातो ना, हे पत्त्याच्या ओळीत बघा. ऑनलाइन घेताना विक्रेत्याचं नाव वाचा आणि बिल जपून ठेवा. रिकामा डबा भंगारात देताना त्याला भोक पाडा, म्हणजे तो पुन्हा भरला जाणार नाही.

तुमच्या गाडीसाठी थोडक्यात

गाडी एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ असेल, तर तिच्यात डीपीएफ आहे असं धरूनच चाला. मॅन्युअलने सांगितलेला कमी राखेचा वर्ग आणि त्याच तक्त्यातला ग्रेड. यात तडजोड नको.

गाडी बीएस-४ किंवा त्याआधीची, म्हणजे जुनी डिझेल स्विफ्ट, डिझायर, बोलेरो असेल, तर अशा बहुतेक गाड्यांत डीपीएफ नसतो. मग राखेची चिंता नाही. तिला महागडं सी३ घालायची गरज नाही, मॅन्युअलमधला ग्रेड आणि वर्ग पुरेसा. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल कार बंदच केल्या, त्यामुळे रस्त्यावरची प्रत्येक डिझेल मारुती याच गटात येते.

गाडी सेकंड हँड घेताय? मग सर्व्हिसच्या बिलांवर ऑइलचं नाव आणि वर्ग वाचा. नुसतं 'इंजिन ऑइल ५ लिटर' लिहिलेलं असेल तर विचारा. ऑइल काळं दिसलं म्हणून नाक मुरडू नका, डिझेल इंजिनात नवं ऑइलही थोड्याच दिवसांत काळं होतं. आणि डीपीएफ काढून टाकलाय का, हे नक्की तपासा. "फिल्टर काढू, प्रोग्राम बदलू, कटकटच नको" असं सुचवणारे भेटतात. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, आणि तिचा काळा धूर आपल्याच गावात राहतो.

पैशांचं गणित

कमी राखेचं सिंथेटिक ऑइल महाग असतं, हे मान्य. समजा, साधं ऑइल ३०० रुपये लिटर आणि योग्य वर्गाचं ७०० रुपये. पाच लिटरला फरक २,००० रुपयांचा. दहा सर्व्हिसमध्ये २०,००० रुपये. मेकॅनिकच्या दोनशे-तीनशे रुपयांच्या सवलतीपुढे ही रक्कम मोठी वाटते, पण एका डीपीएफच्या खर्चापुढे ठेवली की लहान होते. एका सीझनच्या कमाईवर वर्ष काढणाऱ्या टुरिस्ट गाडीवाल्यासाठी तर गाडी मे महिन्यात आठ दिवस उभी राहणं हाच सगळ्यात मोठा खर्च.

माझा आग्रह एवढाच, की ऑइल आपण विकत घ्यावं आणि गॅरेजमध्ये घेऊन जावं. मेकॅनिकवर अविश्वास म्हणून नव्हे. त्याच्याकडे दहा प्रकारच्या गाड्या येतात, प्रत्येकीचं मॅन्युअल त्याने पाठ करावं ही अपेक्षाच चुकीची आहे. आपल्याला एकाच गाडीचं वाचायचंय.

आणि काढलेलं ऑइल?

आपल्याकडे जळकं ऑइल लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासतात, नाहीतर गॅरेजच्या मागच्या व्हाळात ओततात. पहिल्या जोरदार पावसात ते खाडीत आणि तिथून समुद्रात जातं. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि ज्या स्नॉर्केलिंगवर इथली घरं चालतात ते याच पाण्यात.

कायद्याने वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे. केंद्राने सप्टेंबर २०२३ मध्ये नियम बदलले आणि १ एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्या-विकणाऱ्या कंपन्यांवर वापरलेलं ऑइल शुद्ध करून पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी टाकली. म्हणजे त्या काळ्या ऑइललाही आता किंमत आहे. ते घरी आणू नका, गॅरेजवाल्याला पिंपात वेगळं साठवून नोंदणी असलेल्या रिसायकलरलाच द्यायला सांगा. विचारणारे वाढले की पिंपही ठेवलं जाईल.

आता वाचून झाल्यावर एक काम करा. गाडी सपाट जागेवर लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवा आणि पातळीचा फोटो काढून किलोमीटरच्या आकड्यासह सेव्ह करा. दर हजार किलोमीटरला तसाच फोटो काढत राहा. पातळी उतरतेय की चढतेय, हे तुमच्या गॅलरीतच दिसेल.